नेटवर्कची सेटिंग फाइलींत का ठेवतात? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सोलापुरात पाच-दहा कॉम्प्युटरचं नेटवर्क सांभाळणारी माणसं बहुतेक वेळा नेटवर्कचं शिक्षण घेतलेली नसतात. कारखान्याचे अकाउंटंट, शाळेतले कॉम्प्युटरचे सर, पतसंस्थेतला क्लार्क, दुकानदाराचा कॉलेजात जाणारा मुलगा, असं कुणीतरी ते काम अंगावर घेतं. अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत काय किंवा नवी पेठेतल्या दुकानात काय, या सगळ्यांचे प्रश्न साधारण सारखेच असतात. ते इथे एकत्र केले आहेत.

वाचण्याआधी एक सूचना. या पानावर फाइलींची नावं, कमांड आणि आकडे देवनागरीत छापले आहेत. प्रत्यक्ष टाइप करताना ते इंग्रजी अक्षरांत आणि इंग्रजी आकड्यांतच लिहायचे. मराठी कीबोर्ड चालू राहिला आणि आयपी ॲड्रेसमध्ये (कॉम्प्युटरच्या नेटवर्कवरच्या आकडी पत्त्यात) एक जरी मराठी आकडा शिरला, तर ती ओळ कॉम्प्युटरला कळत नाही. बऱ्याचदा तो काही न बोलता ती ओळ सोडून पुढे जातो, आणि चूक डोळ्यांना दिसत असूनही सापडत नाही.

प्रोटोकॉलची सेटिंग म्हणजे नेमकं काय?

प्रोटोकॉल म्हणजे कॉम्प्युटरांनी एकमेकांशी बोलायचे ठरलेले नियम. त्याची सेटिंग या एकाच नावाखाली तीन वेगळ्या गोष्टी येतात आणि त्यांची सरमिसळ झाली की गोंधळ सुरू होतो.

पहिली गोष्ट म्हणजे जगाने मिळून ठरवलेले आकडे. माहितीची ने-आण करणाऱ्या टीसीपी या प्रोटोकॉलचा क्रमांक ६, तशाच यूडीपीचा १७, वेबचा पोर्ट (माहिती कोणत्या प्रोग्रॅमसाठी हे सांगणारा आकडा) ८०, सुरक्षित वेबचा ४४३. हे सोलापुरात आणि टोकियोत सारखेच. दुसरी गोष्ट तुमच्या जागेची: या कॉम्प्युटरचा आयपी कोणता, राउटर कुठे आहे, नाव विचारायचं कुणाला. तिसरी गोष्ट वागणुकीची: एका नेटवर्क कार्डावरून आलेलं पाकीट (माहितीचा तुकडा) दुसऱ्या कार्डावर पुढे पाठवायचं की नाही, पाकीट किती मोठं ठेवायचं, ॲड्रेसची नवी पद्धत आयपीव्ही६ आधी वापरायची की जुनी आयपीव्ही४.

लिनक्सवर सेटिंगच्या फाइली /ईटीसी या फोल्डरमध्ये असतात. पहिल्या गटासाठी /ईटीसी/प्रोटोकॉल्स आणि /ईटीसी/सर्व्हिसेस या फाइली आहेत. दुसऱ्या गटात होस्ट्स, रिझॉल्व्ह.कॉन्फ (स्पेलिंग resolv.conf) आणि नेटवर्क कार्डाच्या फाइली येतात. तिसऱ्या गटातली पाकीट पुढे पाठवण्यासारखी सेटिंग सिसकंट्रोल.कॉन्फ (स्पेलिंग sysctl.conf) आणि तिच्या शेजारच्या सिसकंट्रोल.डी फोल्डरमध्ये असते.

हे सगळं ऑपरेटिंग सिस्टिममध्येच पक्कं का बसवून टाकत नाहीत?

सोलापुरी चादर विणणाऱ्या जकार्ड मागाकडे बघा. नक्षी मागाच्या लोखंडात नसते, पंचकार्डांत असते. कार्डं बदलली की मोराच्या जागी फूल येतं आणि माग तोच राहतो. कर्नल, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा, हा माग आहे. टीसीपी कसं चालवायचं हे त्याच्यात पक्कं असतं, पण ते कोणत्या ॲड्रेसवर आणि कोणत्या राउटरमार्फत चालवायचं हे बाहेरून द्यावं लागतं. उबुंटू या लिनक्सची एकच इमेज (तयार प्रत) लाखो जागी बसते. प्रत्येक जागेसाठी कर्नल नव्याने कंपाइल करत बसणं कुणालाच परवडणार नाही.

दुसरं कारण कमी लोकांच्या लक्षात येतं. कर्नलकडची नेटवर्कची माहिती फक्त मेमरीत असते. वीज गेली की ती गेली. चालू होताना कुणीतरी ती पुन्हा कर्नलला सांगावी लागते, आणि सांगणाऱ्याला ती कुठून तरी वाचावी लागते. कर्नल स्वतः या फाइली उघडत नाही. नेटवर्कमॅनेजर, सिस्टमडी-नेटवर्कडी यांसारखे प्रोग्रॅम त्या वाचतात आणि नेटलिंक नावाच्या मार्गाने कर्नलला कळवतात. म्हणून आयपी किंवा राउटरची फाइल बदलली की लगेच काही होत नाही. ती पुन्हा वाचायला लावावी लागते.

तिसरं कारण आमच्या मते सगळ्यात वजनदार. नेटवर्क बंद पडलेलं असतानाच नेटवर्कची सेटिंग दुरुस्त करायची वेळ येते. तेव्हा ना सर्व्हर हाताशी असतो, ना इंटरनेट. साधी मजकुराची फाइल अशा वेळी रिकव्हरी मोडमध्ये, कुठल्याही एडिटरने उघडता येते, पेन ड्राइव्हवर नेता येते, कागदावर छापता येते.

ही पद्धत आली कुठून?

इंटरनेटची सुरुवात ज्यातून झाली त्या अमेरिकेतल्या आर्पानेट या नेटवर्कवर सगळ्या यंत्रांची नावं आणि ॲड्रेस एकाच फाइलीत असत. होस्ट्स.टीएक्सटी ही ती फाइल स्टॅनफर्ड रिसर्च इन्स्टिट्यूटमध्ये सांभाळली जाई आणि बाकीचे तिची प्रत उतरवून घेत. १ जानेवारी १९८३ रोजी आर्पानेट टीसीपी/आयपीवर गेलं. त्याच वर्षी बर्कले विद्यापीठाचं ४.२बीएसडी युनिक्स आलं आणि होस्ट्स, नेटवर्क्स, प्रोटोकॉल्स, सर्व्हिसेस या फाइली /ईटीसीमध्ये ठेवण्याची रीत रुजली. यंत्रं वाढत गेली तशी एकच यादी सगळ्यांनी उतरवून घेणं अशक्य झालं, म्हणून पॉल मोकापेट्रिस यांनी १९८३ मध्येच डीएनएसचा, म्हणजे नाव विचारलं की ॲड्रेस सांगणाऱ्या सर्व्हरांच्या व्यवस्थेचा, आराखडा मांडला. तरी होस्ट्स फाइल गेली नाही, कारण डीएनएस सर्व्हर सापडण्याआधीही काही नावं कळावी लागतात.

प्रोटोकॉल आणि पोर्टच्या आकड्यांची नोंद अनेक वर्षं जॉन पोस्टेल यांनी ठेवली. अशी यादी दस्तऐवजाच्या रूपात शेवटची निघाली ती ऑक्टोबर १९९४ ची आरएफसी १७००. आता आयाना ही संस्था ती ऑनलाइन ठेवते. तुमच्या कॉम्प्युटरवरची प्रोटोकॉल्स फाइल म्हणजे त्या यादीचा गाळीव उतारा.

प्रोटोकॉल क्रमांक आणि पोर्ट क्रमांक एकच का?

नाही. फायरवॉलमध्ये, म्हणजे ये-जा करणारी पाकिटं अडवणाऱ्या पहाऱ्यात, बऱ्याच चुका इथेच होतात.

आयपीव्ही४ च्या प्रत्येक पाकिटाच्या हेडरमध्ये (सुरुवातीच्या पत्त्याच्या भागात) ८ बिटांची एक जागा असते. आत टीसीपी आहे, यूडीपी आहे की आणखी काही, हे तिथे आकड्यात लिहिलेलं असतं. आठ बिट, म्हणून ० ते २५५. आयसीएमपी १, टीसीपी ६, यूडीपी १७, जीआरई ४७, ईएसपी ५०, ओएसपीएफ ८९. पोर्ट ही त्याच्या आतली गोष्ट. तो टीसीपी आणि यूडीपीच्या हेडरमध्ये असतो, १६ बिटांचा, म्हणून ६५५३५ पर्यंत जातो. जीआरई आणि ईएसपीला पोर्ट नसतोच.

दुकान आणि कारखाना जोडायला कुणी जुनं पीपीटीपी व्हीपीएन (इंटरनेटवरून दोन जागा जोडणारी खाजगी वाट) लावतं. मार्गदर्शिकेत लिहिलेलं असतं, “१७२३ आणि ४७ उघडा.” माणूस फायरवॉलमध्ये टीसीपी पोर्ट १७२३ आणि टीसीपी पोर्ट ४७ उघडतो. जोडणी सुरू होते, पासवर्ड तपासायच्या टप्प्यावर थांबते आणि तुटते. कारण ४७ हा पोर्ट नाही, प्रोटोकॉल आहे. नियमात ‘प्रोटोकॉल’ या रकान्यात जीआरई निवडावं लागतं. नवीन जोडणी करत असाल तर पीपीटीपीच्या वाटेला जाऊच नका, त्याची सुरक्षा कधीच मोडीत निघाली आहे. वायरगार्ड हे व्हीपीएन लावा. त्याला एकच यूडीपी पोर्ट पुरतो, नेहमीचा ५१८२०.

कोणता आकडा कशाचा हे लिनक्सवर ‘गेटएंट प्रोटोकॉल्स ४७’ अशा कमांडने लगेच कळतं.

सर्व्हिसेस फाइलीत पोर्ट बदलला, तरी सर्व्हर जुन्याच पोर्टवर चालतो. का?

कारण ती फाइल हुकूम देत नाही, नाव आणि आकड्याची जोडी सांगते. एखाद्या प्रोग्रॅमने “एचटीटीपीएसचा पोर्ट कोणता?” असं सिस्टिमला विचारलं तरच ती वाचली जाते. आजचे बहुतेक सर्व्हर आपला पोर्ट स्वतःच्या फाइलीत ठेवतात. दुरून लॉगिन करायच्या एसएसएचचा पोर्ट एसएसएचडी_कॉन्फिगमध्ये, मायएसक्यूएलचा ३३०६ त्याच्या सीएनएफ फाइलीत, टॅलीचा नेहमीचा ९००० टॅलीच्या स्वतःच्या सेटिंगमध्ये. बदल तिथे करायचा.

उलट दिशेनेही फसगत होते. चालू जोडण्या दाखवणाऱ्या नेटस्टॅट कमांडमध्ये ८०८० च्या जागी ‘एचटीटीपी-आल्ट’ दिसलं म्हणजे तिथे वेब सर्व्हर आहे असं नव्हे. कॅमेऱ्यांचं सॉफ्टवेअरही ८०८० वर बसलेलं असू शकतं. नाव फाइलीतून येतं, प्रत्यक्ष तपासून नाही. म्हणून तपासताना ‘-एन’ जोडा, म्हणजे नुसते आकडे दिसतील. पोर्ट कुणी धरून ठेवलाय हे लिनक्सवर ‘एसएस -टीएलएनपी’ सांगतं, विंडोजवर ‘नेटस्टॅट -एएनओ’.

मग या फाइलीचा उपयोग काय? आपल्या यंत्रांची नावं टाकायला ती चांगली आहे. बोटांच्या ठशांच्या बऱ्याच हजेरी यंत्रांचा पोर्ट ४३७० असतो आणि नेटवर्क प्रिंटरचा ९१००. सर्व्हिसेसमध्ये ‘हजेरी ४३७०/टीसीपी’ अशी ओळ टाकली की नेटस्टॅटमध्ये आकड्याऐवजी नाव दिसतं आणि मागून येणाऱ्याला समजतं. नाव अर्थात इंग्रजी अक्षरांत, मध्ये जागा न सोडता.

ऑफिसमधल्या यंत्रांना नावं द्यायची आहेत. होस्ट्स फाइल पुरेल का?

दहाएक कॉम्प्युटरपर्यंत मजेत पुरते. विंडोजवर ती सी ड्राइव्हमध्ये विंडोज, त्यात सिस्टम३२, त्यात ड्रायव्हर्स, त्यात ईटीसी या फोल्डरमध्ये असते. युनिक्सचं ‘ईटीसी’ विंडोजच्या पोटात जसंच्या तसं आलंय. शेजारी सर्व्हिसेस आणि नेटवर्क्स आहेत, आणि प्रोटोकॉल्सची फाइल तिथे ‘प्रोटोकॉल’ अशा एकवचनी नावाने आहे.

स्टार्टमध्ये नोटपॅड शोधा, उजवं क्लिक करून ‘रन ॲज ॲडमिनिस्ट्रेटर’ घ्या. साध्या डबल क्लिकने उघडलंत तर सेव्ह करताना परवानगी नाकारली जाते. ओपनच्या खिडकीत खालचा पर्याय ‘ऑल फाइल्स’ करा, नाहीतर होस्ट्स दिसणारच नाही. शेवटी अशा ओळी जोडा:

१९२.१६८.१.१० टॅली
१९२.१६८.१.२० प्रिंटर
१९२.१६८.१.३० हजेरी

आधी आकडा, मग एखादी स्पेस किंवा टॅब, मग नाव. सेव्ह केल्यावर कमांड प्रॉम्प्टमध्ये ‘पिंग टॅली’ करून बघा. उत्तरात १९२.१६८.१.१० दिसलं की झालं. समोरून ‘रिक्वेस्ट टाइम्ड आउट’ आलं तरी नावाचं काम झालेलं आहे. पुढची अडचण फायरवॉलची असते.

दहाच्या पुढे गेलात की प्रत्येक कॉम्प्युटरवर जाऊन फाइल बदलणं जिवावर येतं. मग एका लिनक्स यंत्रावर डीएनएसमास्क (स्पेलिंग dnsmasq) हा छोटा डीएनएस सर्व्हर बसवा. ते आपल्या यंत्राची होस्ट्स फाइल वाचून त्यातली नावं सगळ्या नेटवर्कला सांगतं. फाइल एकच राहते.

होस्ट्समध्ये लिहिलं, पण चालत नाही.

बघायच्या जागा पुढीलप्रमाणे. बहुतेक वेळा पहिल्या दोनमध्येच दोष सापडतो.

नोटपॅडने फाइल होस्ट्स.टीएक्सटी नावाने सेव्ह केली. एक्सप्लोररमध्ये ‘फाइल नेम एक्स्टेन्शन्स’ चालू करून बघा. होस्ट्सला शेपूट नसावं.

नाव आधी आणि आकडा नंतर लिहिला, किंवा नावाआधी एचटीटीपी आणि नावानंतर पोर्ट जोडला. होस्ट्स फक्त नावाचा आकडा करते. पोर्ट तिला कळत नाही. ताऱ्याचं चिन्ह टाकून “या डोमेनची सगळी नावं” असंही सांगता येत नाही.

ओळीच्या सुरुवातीला # राहिला. त्याच्या पुढचं सगळं शेरा म्हणून सोडून दिलं जातं.

कुठल्या तरी वेबपानावरून किंवा व्हॉट्सॲपवरून ओळ चिकटवली आणि तिच्यात न दिसणारी स्पेस आली. ती ओळ पुसून हाताने पुन्हा टाइप करा.

एनएसलुकअपने तपासलं. ही कमांड होस्ट्स न बघता थेट डीएनएस सर्व्हरला विचारते, त्यामुळे फाइल बरोबर असूनही “नाव सापडत नाही” असं म्हणते. पिंगने तपासा. लिनक्सवर ‘गेटएंट होस्ट्स टॅली’ सगळ्यात भरवशाचं, कारण बाकीचे प्रोग्रॅम ज्या वाटेने जातात त्याच वाटेने ती जाते.

लिनक्सवर ती वाट एनएसस्विच.कॉन्फमध्ये ठरते. तिथे ‘होस्ट्स: फाइल्स डीएनएस’ अशी ओळ असते, म्हणजे आधी फाइल आणि मग डीएनएस. ‘फाइल्स’ हा शब्द कुणी उडवला असेल तर होस्ट्स कितीही सुंदर लिहा, तिला कुणी विचारणार नाही.

वीज जाऊन आली की सेटिंग उडते. कॉम्प्युटर खराब आहे का?

बहुधा नाही. सेटिंग फाइलीत गेलीच नव्हती.

लिनक्सवर ‘आयपी ॲड्र ॲड’ने दिलेला ॲड्रेस आणि ‘सिसकंट्रोल -डब्ल्यू’ने बदललेला आकडा थेट कर्नलच्या मेमरीत जातो. चाचणीसाठी ते उत्तमच, चुकलं तर रिस्टार्ट केलं की पूर्ववत. पण टिकवायचं तर फाइलीतच लिहावं लागतं. विंडोजवर ‘रूट ॲड’ने (स्पेलिंग route) घातलेला मार्गही असाच उडतो. ‘रूट -पी ॲड’ असं दिलं की तो रजिस्ट्रीत नोंदला जातो आणि राहतो.

वीज आल्यावर आणखी एक वेगळीच गोष्ट घडते. सगळी यंत्रं एकदम सुरू होतात. कॉम्प्युटर अर्ध्या मिनिटात उठतो, फायबरचा डबा आणि राउटर यांना दोन-तीन मिनिटं लागतात. कॉम्प्युटर आयपी मागतो, द्यायला कुणी नसतं. मग विंडोज स्वतःच १६९.२५४ ने सुरू होणारा ॲड्रेस घेऊन बसतं. वायर लागलेली दिसते, नेट मात्र नाही. फाइलीला हात लावू नका. राउटरचे दिवे स्थिर झाले की ‘आयपीकॉन्फिग /रिन्यू’ द्या. रोजचंच असेल तर राउटर आणि फायबरचा डबा छोट्या यूपीएसवर घ्या. बारा व्होल्टचा मिनी यूपीएस पुरतो, पण डब्याच्या ॲडॉप्टरवर व्होल्ट आणि ॲम्पियर वाचून मगच घ्या.

रिझॉल्व्ह.कॉन्फ बदलतो, थोड्या वेळाने ती आपोआप जुनी होते.

ती फाइल आता तुमची राहिलेली नाही. उबुंटूवर ती सिस्टमडी-रिझॉल्व्हडीने बनवलेल्या फाइलीकडे जाणारी लिंक असते आणि आत १२७.०.०.५३ हा ॲड्रेस दिसतो. दुसरीकडे ती नेटवर्कमॅनेजर लिहितो. फाइलीच्या पहिल्या दोन-तीन ओळींत “हाताने बदलू नका” आणि कुणी बनवली हे लिहिलेलं असतं. कुठलीही फाइल बदलण्याआधी तिचा तो माथा वाचायचा, ही सवय लावून घ्या. डीएनएस बदलायचा तर ज्याने फाइल लिहिली त्याच्या सेटिंगमध्ये बदला. फाइलीला बदलबंदीचा शिक्का मारून ठेवायचा सल्ला मिळतो, तो मानू नका. पुढे राउटर बदलला की तेच कुलूप आड येतं.

जिथे ती फाइल अजून हातानेच लिहिली जाते, तिथे दोन गोष्टी ध्यानात ठेवा. नेमसर्व्हरच्या, म्हणजे डीएनएस सर्व्हरच्या, पहिल्या तीनच ओळी मोजल्या जातात, चौथी वाया. आणि पहिला सर्व्हर बंद असेल तर लिनक्स त्याची नेहमीप्रमाणे ५ सेकंद वाट बघून मग दुसऱ्याकडे जातं. प्रत्येक साइट उघडायला पाच सेकंद लागतात आणि मग झपकन उघडते, असं होत असेल तर स्पीडची तक्रार करण्याआधी ही पहिली ओळ तपासा.

उबुंटू सर्व्हरवर कायमचा आयपी कसा द्यायचा?

१७.१० या आवृत्तीपासून उबुंटूत नेटवर्कच्या सेटिंगसाठी नेटप्लॅन आहे. फाइल /ईटीसी/नेटप्लॅनमध्ये, वायएएमएल पद्धतीची. तिचा सांगाडा असा:

```
नेटवर्क:
  व्हर्जन: २
  इथरनेट्स:
    ईएनपी३एस०:
      ॲड्रेसेस: [१९२.१६८.१.१०/२४]
      राउट्स:
        - टू: डिफॉल्ट
          व्हाया: १९२.१६८.१.१
      नेमसर्व्हर्स:
        ॲड्रेसेस: [१९२.१६८.१.१, ८.८.८.८]
```

ईएनपी३एस०च्या जागी तुमच्या कार्डाचं नाव. ते ‘आयपी लिंक’ने कळतं. डावीकडची रिकामी जागा इथे शोभेसाठी नाही, कोण कुणाच्या आत हे तीच सांगते. ती स्पेसनेच सोडायची, टॅब चालत नाही. विसर्गासारख्या दोन टिंबांनंतर एक स्पेस हवीच. ॲड्रेसमागचं /२४ (नेटवर्क केवढं ते सांगणारा आकडा) विसरलात तर फाइल नाकारली जाते.

लिहून झाल्यावर थेट ‘नेटप्लॅन अप्लाय’ करू नका. ‘नेटप्लॅन ट्राय’ करा. ती नवी सेटिंग लावते आणि १२० सेकंद एंटर दाबायची वाट बघते. चुकीमुळे तुमची जोडणी तुटली आणि एंटर दाबता आला नाही, तर जुनी सेटिंग परत येते. घरी बसून कारखान्यातला सर्व्हर बदलताना या दोन मिनिटांमुळे एमआयडीसीची एक फेरी वाचते.

त्या फोल्डरमध्ये अनेक फाइली असतील तर त्या नावाच्या क्रमाने वाचल्या जातात आणि नंतरची फाइल आधीच्या फाइलीवर मात करते. ‘५०-क्लाउड-इनिट’ नावाची फाइल असेल तर ती क्लाउड-इनिट पुन्हा लिहू शकतं. तुमचे बदल ‘९०’ने सुरू होणाऱ्या वेगळ्या फाइलीत ठेवा, आणि ती फक्त रूटला (लिनक्सच्या मुख्य युजरला, root) वाचता येईल अशी करा, म्हणजे परवानगी ६००. रेड हॅट घराण्यातल्या लिनक्सवर नेटवर्कमॅनेजरच्या जोडणीच्या फाइली इतरांना वाचता येत असतील तर तो त्या सरळ दुर्लक्षित करतो. “फाइल बरोबर आहे पण दिसतच नाही” यामागे अनेकदा हेच असतं.

आयपी कॉम्प्युटरवर पक्का करायचा की राउटरवर?

शक्य तिथे राउटरवर, मॅक ॲड्रेसला (नेटवर्क कार्डाच्या स्वतःच्या क्रमांकाला) आयपी राखून ठेवून. सगळी यादी एका जागी राहते. पण सर्व्हर, प्रिंटर आणि हजेरी यंत्राला पक्का आयपी देणार असाल तर तो राउटर आपोआप देतो त्या आयपींच्या पट्ट्याबाहेरचा घ्या. राउटर शेवटचा आकडा १०० ते २०० असलेले आयपी देत असेल तर तुमचे १० ते ५० मध्ये. पट्ट्यातला घेतलात तर एखाद्या दिवशी कुणाच्या तरी मोबाइलला तोच मिळतो आणि प्रिंटर अधूनमधून गायब होतो. रोज न होणारा बिघाड शोधायला फार वेळ जातो.

नवी पेठेतलं दुकान आणि एमआयडीसीतला कारखाना व्हीपीएनने जोडले. जोडणी हिरवी दिसते, पण कारखान्यातलं टॅली उघडत नाही.

दोन्हीकडचे आयपी १९२.१६८.१ नेच सुरू होतात का ते आधी बघा. बरेच राउटर कंपनीतून तोच पट्टा घेऊन येतात. दुकानातल्या कॉम्प्युटरला १९२.१६८.१.१० हे आपल्याच खोलीत आहे असं वाटतं, तो ते व्हीपीएनमधून पाठवतच नाही. एका बाजूचा पट्टा बदला, उदाहरणार्थ कारखान्यात १९२.१६८.२० करा. मग प्रिंटर, कॅमेरे, हजेरी यंत्र आणि होस्ट्स फाइल या सगळ्यांतले जुने आकडेही बदलावे लागतील. हे काम सुट्टीच्या दिवशी, हातात यादी घेऊन करा.

लहान पानं उघडतात, मोठी फाइल अपलोड करताना अडकते.

पाकिटाचा आकार तपासा. इथरनेटवर तो १५०० बाइट असतो. फायबरची जोडणी पीपीपीओईवर (युजरनेम-पासवर्डने लॉगिन करायच्या पद्धतीवर) असेल तर त्यातले ८ बाइट त्याच्या हेडरला जातात आणि उरतात १४९२. मध्ये कुठे “पाकीट मोठं आहे” असं कळवणाऱ्या आयसीएमपीच्या सूचना अडवलेल्या असतील तर मोठी पाकिटं वाटेत गळतात आणि पाठवणाऱ्याला पत्ताही लागत नाही.

विंडोजवर ‘पिंग -एफ -एल १४६४’ आणि पुढे बाहेरचा एखादा ॲड्रेस द्या. १४६४ मध्ये हेडरचे २८ मिळवले की १४९२ होतात. हे गेलं आणि १४७२ अडलं, तर तुमचा आकडा १४९२. तो राउटरच्या वॅन (बाहेरच्या इंटरनेट जोडणीच्या) सेटिंगमध्ये घाला. एकेका कॉम्प्युटरवर बदलायची सहसा गरज पडत नाही.

विंडोज तर फाइली न ठेवता रजिस्ट्रीत ठेवतं ना?

रजिस्ट्रीही शेवटी फाइलच आहे, फक्त नोटपॅडने वाचता न येणारी. ती सिस्टम३२ मधल्या कॉन्फिग फोल्डरमध्ये असते. आयपी, गेटवे, डीएनएस हे ‘टीसीपीआयपी’च्या ‘पॅरामीटर्स’खाली, प्रत्येक कार्डाच्या लांबलचक ओळख-क्रमांकाखाली नोंदलेले असतात. होस्ट्स कुठे शोधायची हेसुद्धा तिथल्या ‘डेटाबेसपाथ’ या नोंदीत असतं. होस्ट्स बरोबर असून लागू होत नसेल आणि बाकी सगळं तपासून झालं असेल, तर ती नोंद बघा. काही व्हायरस तिचाच रस्ता दुसरीकडे वळवतात.

‘नेटश इंट आयपी रिसेट’ ही कमांड सर्रास सुचवली जाते. ती या नोंदी मुळापासून नव्याने लिहिते, त्यात पक्के दिलेले आयपीही जातात. देण्याआधी ‘आयपीकॉन्फिग /ऑल’चं उत्तर सेव्ह करा.

डॉकरमधला प्रोग्रॅम म्हणतो, “टीसीपी नावाचा प्रोटोकॉल नाही.” हे कसं शक्य आहे?

डॉकर प्रोग्रॅमला कंटेनर नावाच्या वेगळ्या डब्यात, स्वतःच्या फाइलींसकट चालवतं. त्या कंटेनरच्या इमेजमध्ये /ईटीसी/प्रोटोकॉल्स नाही. जागा वाचवायला डेबियन या लिनक्सच्या छोट्या इमेजमधून ती वगळलेली असते. कर्नलला टीसीपी येतं, पण प्रोग्रॅम “टीसीपीचा आकडा काय?” असं फाइलीला विचारतो आणि फाइल नाही. ‘नेटबेस’ हे पॅकेज बसवा, प्रोटोकॉल्स आणि सर्व्हिसेस दोन्ही येतात. जुन्या लिनक्सवर पिंगने “आयसीएमपी प्रोटोकॉल माहीत नाही” म्हटलं तर दुखणं तेच. फाइल गेली आहे किंवा तिची परवानगी बिघडली आहे. परवानगी ६४४ हवी.

होस्ट्समध्ये मी न लिहिलेल्या ओळी दिसतात.

# ने सुरू होणाऱ्या ओळी विंडोजच्याच. बँक, ईमेल किंवा अँटिव्हायरसच्या साइटचं नाव एखाद्या अनोळखी आकड्यापुढे असेल तर सावध व्हा. कुणीतरी तुम्हाला खोट्या पानाकडे वळवतंय किंवा अपडेट अडवतंय. फक्त ओळ पुसून भागत नाही, ती लिहिणारा प्रोग्रॅम अजून आत असतो. नेट तोडा, पूर्ण स्कॅन करा आणि पासवर्ड दुसऱ्या यंत्रावरून बदला. चोरीच्या सॉफ्टवेअरचे क्रॅकही अशा ओळी टाकतात.

मोबाइलवर होस्ट्स बदलता येते का?

अँड्रॉइडमध्ये ती फाइल असते, पण रूट केल्याशिवाय (मोबाइलचे मुख्य अधिकार उघडल्याशिवाय) बदलता येत नाही. त्यासाठी रूट करू नका. मोबाइलला नावं हवी असतील तर राउटरवर किंवा डीएनएसमास्कमध्ये द्या.

कोणत्या फाइलींची प्रत ठेवू आणि कुठे?

लिनक्सवर अख्खा /ईटीसी टार या कमांडने एका फाइलीत बांधून घ्या, तो छोटाच असतो. त्यात पासवर्ड आणि किल्ल्या असतात, म्हणून ती फाइल ईमेलने पाठवू नका. विंडोजवर होस्ट्स, ‘आयपीकॉन्फिग /ऑल’, ‘रूट प्रिंट’ आणि ‘नेटश इंटरफेस डंप’ यांची उत्तरं एका फोल्डरमध्ये ठेवा. राउटरच्या पानावर बॅकअपचं बटण असतं, ती फाइलही घ्या आणि राउटरचा मॉडेल क्रमांक तिच्या नावात लिहा, कारण दुसऱ्या मॉडेलवर ती सहसा चढत नाही. एक प्रत पेन ड्राइव्हवर, दुसरी वेगळ्या यंत्रावर. आयपीची यादी छापून नेटवर्कच्या पेटीच्या दाराला आतून चिकटवा, तारखेसकट. पासवर्ड मात्र त्या कागदावर लिहू नका.

बदल करताना मूळ फाइलीची प्रत तारीख जोडून शेजारीच ठेवा, पण नेटप्लॅनच्या फोल्डरमध्ये तिच्या नावाच्या शेवटी ‘.वायएएमएल’ राहू देऊ नका. राहिलं तर नेटप्लॅन ती प्रतही वाचतं आणि जुनी सेटिंग नवीवर चढून बसते. सिसकंट्रोल.डीमध्ये ‘.कॉन्फ’चं तसंच.